आधी पाणी बघ

वडील गेले आणि आहुप्याचं घर माझ्या व भावाच्या नावावर आलं. भावाची नोकरी परराज्यात, म्हणून घराचं पुढे काय करायचं हे मलाच बघावं लागणार होतं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर माझं नाव लागलं तेव्हा मी पिंपरीतल्या फ्लॅटमध्ये राहत होते. तिथं नळ गळला की प्लंबरला फोन करायचा, छताला ओल आली की सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगायचं. घर सांभाळणं म्हणजे मला इतकंच ठाऊक. आहुप्याच्या दारात उभी राहिले तेव्हा कौलं, वासे, कुडाच्या भिंती, ओटी, मागचा गोठा, सगळं समोर होतं आणि त्यातलं काय धड आहे, काय मोडलंय, कोणतं काम आज केलं नाही तर घर खाली येईल आणि कोणतं दहा वर्षं थांबलं तरी चालेल, यातलं काहीही मला सांगता आलं नसतं.

सल्ले मात्र चारी बाजूंनी आले. एकाचं म्हणणं, पाडून टाका आणि स्लॅबचं बांधा. दुसऱ्याचं, कौलं उतरवून निळा पत्रा घाला, पुढची वीस वर्षं बघायला नको. मुंबईतल्या मामेभावाला वाटत होतं की कड्यावर पर्यटक येतात तर दोन खोल्या काढून भाड्यानं द्याव्यात. तालुक्याच्या एका ठेकेदारानं घर न बघताच चौरस फुटाचा दर सांगितला. प्रत्येकाचं बोलणं ऐकताना पटायचं आणि फोन ठेवला की गोंधळ वाढलेला असायचा.

नाना म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. सत्तरी ओलांडलेले, गावातल्या बऱ्याच घरांची आढी त्यांच्या हाताखालून गेलेली. मी फरशीचे नमुने मोबाईलवर दाखवत होते. त्यांनी दोन बघितले आणि म्हणाले, "पोरी, फरशीचं मागनं. आधी पानी बघ. कुठनं येतं, कुठं थांबतं, कुठनं जातं."

चैत्र चालू होता. आभाळ कोरडं, जमीन भेगाळलेली, बायका हंडे घेऊन लांबच्या झऱ्यावर चाललेल्या. पाणी बघायचं ते कुठं? हे मी विचारलंही. नाना मला घराभोवती घेऊन गेले. वळचणीखाली मातीत पागोळ्यांनी खोदलेली रेघ होती. ती रेघ एका ठिकाणी भिंतीकडे सरकली होती, म्हणजे तिथली शेवटची कौलं आत गेली होती. जोत्याच्या दगडांवर वाळून काळं पडलेलं शेवाळ होतं, पण ते एकाच कोपऱ्यात वर चढलं होतं, म्हणजे तिथं पाणी साचून राहत होतं. आत भिंतीवर तपकिरी ओघळ, वाशांवर डाग, मेढीच्या, म्हणजे लाकडी खांबाच्या, बुडाशी भुसा. मागच्या पावसाळ्यात जे झालं ते सगळं घरावर उमटून राहिलं होतं. नाना ते वाचत होते आणि मी ऐकत होते.

आहुपे म्हणजे आंबेगाव तालुक्याचं पश्चिमेचं टोक. घोडेगावहून डिंभे धरणाच्या कडेकडेनं, डोंगर चढत यायचं. गावाच्या पुढे सह्याद्रीचा कडा एकदम तुटतो आणि खाली कोकण, मुरबाडचा मुलूख, गोरखगड, मच्छिंद्रगडाचे सुळके. आहुपे घाटानं पायी उतरलं की खोपिवली. घोड नदी इथंच उगम पावते. भैरवनाथाची देवराई गावाला लागून आहे आणि भोवतीचं रान भीमाशंकर अभयारण्याच्या पट्ट्यातलं. या पट्ट्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि याच पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला शिरूरकडे लोक टँकरची वाट बघतात. पुण्यात घर बांधणारा माणूस ज्या पावसाचा हिशेब करतो, त्याच्या कितीतरी पट पाणी इथल्या छपरावरून चार महिन्यांत वाहून जातं. त्यामुळे शहरातल्या घरदुरुस्तीचं जे काही मी वाचून, व्हिडिओ बघून गेले होते, त्यातलं फारसं उपयोगी पडलं नाही.

छपराची तपासणी भर दुपारी करतात, हे मला नवीन होतं. दारं-खिडक्या लावून घेतल्या, डोळे अंधाराला सरावू दिले आणि वर बघितलं. जिथं जिथं कौल फुटलेलं किंवा सरकलेलं, तिथून उन्हाचे कवडसे येत होते. नानांनी प्रत्येक कवडशाखालच्या वाशाला खडूनं खूण करायला लावली. खुणा करून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या सगळीकडे सारख्या नव्हत्या. बहुतेक पश्चिमेच्या पाख्यावर आणि आढ्यालगत होत्या. वारा आणि वानरं, असं नाना म्हणाले. वानरांच्या टोळ्या फणसावरून थेट कौलांवर उडी घेतात.

कौलं दोन प्रकारची निघाली. मागच्या पडवीवर जुनी नळीची, कुंभारानं केलेली. ती आता कोणी करत नाही, पाडलेल्या घराची मिळाली तर मिळाली. पुढच्या मोठ्या छपरावर मंगलोरी. बासेल मिशनच्या जर्मन-स्विस लोकांनी १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि एकमेकांत खाचेनं अडकणारं हे चपटं कौल तिथून पश्चिम किनाऱ्यावर आणि मग घाटावर पसरलं. एक कौल अडीच किलोच्या आसपास भरतं. त्याच्या पाठीला खालच्या बाजूनं दोन दाते असतात, ते रिपेला अडकतात. वरचं कौल खालच्याच्या डोक्यावर बसतं. म्हणून शाकारणी वळचणीपासून सुरू करून आढ्याकडे जायची, उलट नाही. जुनं कौल ठेवायचं की टाकायचं हे कसं ठरवायचं? हातात लोंबतं धरून बोटाच्या पेरानं वाजवायचं. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, भद्द वाजलं तर त्यात न दिसणारी चीर आहे. हे मी सकाळी सकाळी, दव वाळल्यावर आणि कौलं तापायच्या आत, तासन्‌तास केलं. कानाला फरक कळायला लागला तेव्हा फार बरं वाटलं.

वर चढायची मला भीती होती आणि नानांनी ती घालवायचा प्रयत्नही केला नाही. शिडी वर बांधून घेतली, कमरेला दोर, आणि सूचना एकच. पाय वाशाच्या रेषेवर, कौलाच्या मधोमध नाही. खालून नानांच्या पत्नी, काकू, सांगत होत्या, "डावीकडं वासा हाय बघ, त्याच्यावं दे पाय." खडूच्या खुणा आतून होत्या, म्हणून आत एक पोरगा काठीनं कौल ठोकायचा आणि मी वरून ते शोधायचे. सरकलेलं कौल नुसतं वर ढकलून बसवता येतं. फुटलेलं काढायला मात्र वरच्या दोन ओळी उचलाव्या लागतात.

आढ्यावरच्या कोन्यांचं काम नानांनी स्वतःच्या हातांनी केलं. पूर्वी कोणीतरी कोने सिमेंटमध्ये बसवले होते. वासे उन्हाळ्यात वाळतात, पावसात फुगतात, छप्पर थोडं थोडं हलत राहतं आणि सिमेंटला हलता येत नाही. त्याला लांबच लांब तडा गेला होता आणि आतलं निम्मं पाणी तिथूनच येत होतं. आम्ही चुन्याचा माल वापरला. जुन्या बांधकामांत चुन्याच्या मालात गूळ, बेलफळ आणि हिरड्याचं पाणी घालत, आणि जुन्या वास्तूंच्या जतनाच्या कामात आजही घालतात. हिरडा ऐकून मला हसू आलं, कारण त्या दिवसांत अख्खं गाव हिरड्यामागेच होतं. बाळहिरडा वेचून, वाळवून विकणं हा या डोंगरातल्या महादेव कोळी घरांचा वर्षाचा मोठा आधार आहे. घराच्या कामाला माणूस कधी मिळेल हे हिरड्यावर ठरतं, मग राब भाजण्यावर. सगळ्यांना रोहिणी लागायच्या आत उरकायचं असतं, कारण नंतर भाताची पेरणी. पैसे देऊनही माणूस का येत नाही, याचा मी आधी विचार करत बसायचे. पुढे मीही दोन सकाळी काकूंबरोबर हिरडा वेचायला गेले आणि त्यांची पोरं माझ्याकडे कौलं चढवायला आली. खाचरं बांधताना पडकईत चार घरं मिळून एकमेकांच्या रानात राबतात, छपराचंही तसंच चालतं.

आता वाळवी आणि घुण. घर दोन-तीन वर्षं बंद होतं. मला वाटलं होतं, बंद घर म्हणजे वापर नाही, मग झीज कमी. प्रत्यक्षात चुलीवरचे वासे, ज्यांच्यावर वर्षानुवर्षांची काजळी चढलेली, ते अजूनही टणक होते आणि जिथं धूर कधी पोचला नाही त्या ओटीवरच्या वाशांतून बारीक पीठ गळत होतं. धुरानं लाकूड कोरडं राहतं आणि किडा धरत नाही. गावात गॅस आला ते काकूंच्या डोळ्यांसाठी आणि छातीसाठी चांगलंच झालं, त्याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. पण धुराचं काम आता आपल्याला करावं लागतं, हे कुणी सांगितलेलं नसतं. नानांनी प्रत्येक मेढीच्या बुडाला स्क्रू ड्रायव्हर टोचून बघायला सांगितलं. तळखड्यावर, म्हणजे बुडाखालच्या दगडावर, उभ्या असलेल्या मेढी ठणठणीत होत्या. मागच्या पडवीतली एक मेढ थेट जमिनीत पुरलेली होती, तिच्यात स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. सुतारानं ती बुडाशी कापून खाली दगड दिला. उरलेल्या लाकडांना करंजाचं तेल, बुडांना डांबर. बिब्ब्याचं तेलही लावतात, पण ते अंगाला लागलं तर फोड येतात म्हणून मी नको म्हटलं.

आणि आता खिडकीचं. ओटीच्या पश्चिमेच्या भिंतीला एकही झरोका नाही, आणि त्या बाजूचं पाखं इतकं खाली उतरलंय की वळचण माझ्या कमरेला लागते. शंभर पावलांवर अख्खं कोकण पसरलेलं आणि घरानं त्याच्याकडे पाठ केलेली! मला तिथं मोठी खिडकी हवी होती. माझ्या सगळ्या नकाशात तीच मध्यभागी होती. सुतारानं माप घ्यायच्या आधी नानांकडे बघितलं आणि नानांनी मला उठवून कड्याकडे नेलं. वैशाखातल्या संध्याकाळी तिथं वारा होता. त्यांनी वाळलेल्या पानांची मूठ कड्याबाहेर सोडली. पानं खाली गेलीच नाहीत. वर उडून आमच्या डोक्यावरून मागे गावाकडे गेली.

नाणेघाटातला उलटा धबधबा लोक पावसाळ्यात मुद्दाम बघायला जातात. कोकणातून येणारा वारा उभ्या कड्याला आपटतो, त्याला वर जाण्यावाचून वाट नसते आणि तो कड्यावरून पडणारं पाणी परत वर फेकतो. जुन्नरच्या त्या कड्यात जे होतं तेच आहुप्याच्या कड्यावर होतं, फक्त इथं त्या वाऱ्याच्या वाटेत घरं आहेत. इथला पाऊस वरून खाली पडतो हे गृहीत धरता येत नाही. आडवा येतो, खालून वर येतो, कौलांच्या फटींत उलटा शिरतो. त्या एका गोष्टीनं घराचा सगळा आकार मला उलगडला. पश्चिमेचं पाखं खाली का, दार पूर्वेला का, गोठा पश्चिमेला का जोडलाय (गोठ्याची रुंदी मधे आली की माजघराच्या भिंतीला झड लागत नाही), आणि पावसाच्या तोंडावर त्या भिंतीला बाहेरून गवताची ताटी का बांधतात. काही घरांनी आता ताटीऐवजी प्लॅस्टिकचा कागद लावलाय. तो स्वस्त पडतो, पण एका हंगामात चिंध्या होऊन रानात जातो. मी ताटीच बांधून घेतली.

खिडकी मी रद्द केली. ओटीत उजेड मात्र हवा होता. सुतारानं त्यावर साधा उपाय सांगितला, काचेची कौलं. मंगलोरी कौलाच्याच मापाची मिळतात, त्याच खाचेत बसतात, भिंत फोडावी लागत नाही. पूर्वेच्या पाख्यात चार घातली आणि दुपारी पुस्तक वाचण्याइतका उजेड आला.

पत्र्याचा प्रश्न मी शेवटपर्यंत मोकळ्या मनानं तपासला, कारण गावात पत्र्याची घरं पुष्कळ आहेत आणि ती घालणाऱ्यांनी विचार न करता घातलेली नाहीत. पत्रा हलका, त्याला बारीक लाकूड पुरतं. दरवर्षी कौलं चाळायला माणूस लागत नाही. ज्या घरातली तरुण माणसं मंचरला किंवा मुंबईला कामाला गेली आहेत, तिथं म्हातारा-म्हातारी छपरावर कशी चढणार? हे खरं कारण आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूनं किनाऱ्यावर चढलं आणि घाट ओलांडून आलं, तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात हिरड्याची झाडं मोडली आणि छपरं उडाली. कौलारू छपरातून वारा फटीफटीनं निसटतो. चार कौलं जातात, बाकीचं राहतं. पत्र्याखाली मात्र वारा कोंडतो आणि उचलायला लागला की शिडासारखा अख्खा पत्रा घेऊन जातो. नाना सांगतात, त्या दिवशी पत्रे खाचरांतून गोळा केले, काही तर कुणाचे ते कळलेच नाहीत.

माझ्या मोडक्या गोठ्यावर मी पत्राच घातला, कारण तिथलं लाकूड कौलांचं वजन पेलणारं राहिलं नव्हतं. तेव्हा शिकलेल्या दोन गोष्टी इथं सांगते, त्या पत्रा घालणाऱ्या कुणालाही लागतील. पत्र्यावर पत्रा जिथं चढतो तो जोड वाऱ्याच्या तोंडाला उघडा राहू नये. आमच्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणून पहिला पत्रा पूर्वेच्या टोकाला बसवून पश्चिमेकडे सरकत यायचं. आणि हूक पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात नाही, कारण पाणी खोलगट भागातून वाहतं. हुकाखालचा वॉशर स्वस्तातला घेऊ नका.

भिंतींचं काम सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेलं आणि मला सगळ्यात जास्त आवडलंही. आमच्या भिंती कारवीच्या कुडाच्या. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी माती थापायची. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, सगळा डोंगर जांभळा होतो, आणि फुलून बी धरल्यावर ती वाळते. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं. रानात जाऊन मनाला येईल तसं तोडायचं, असं आता नाही, आणि देवराईतली काडीसुद्धा कुणी उचलत नाही, ते कायद्याच्याही आधीपासून. त्यामुळे जुन्या कुडातल्या धड काठ्या आम्ही सोडवून पुन्हा वापरल्या. काठ्या फक्त बुडाशी, जमिनीपासून वीतभर, कुजल्या होत्या. तेवढा भाग कापून खाली दगडाची एक ओळ रचली आणि कूड तिच्यावर उभा केला.

मातीचं मिश्रण काकूंनी शिकवलं. तांबडी माती चाळायची, भाताचं काड बोटभर तोडून घालायचं, शेण, पाणी, आणि पायानं तुडवून रात्रभर मुरत ठेवायचं. किती काड, किती शेण, याचं माप मी वहीत लिहून घ्यायला बसले. काकूंना माप सांगता येईना. त्यांनी मिश्रणाचा एक गोळा करून उन्हात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याला भेगा पडल्या तर काड वाढवायचं, हातात चुरला तर मातीत चिकटपणा कमी आहे. मापाऐवजी तपासणी. त्यानंतर मी वही बाजूला ठेवली. एका गवंड्यानं सांगितलं होतं की वरून सिमेंटचा गिलावा मारा म्हणजे कायमचं काम होईल. मातीची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि नंतर सोडते. वर सिमेंट चढवलं की ओल आत कोंडते, माती भुसभुशीत होते आणि एक दिवस गिलाव्याचा पापुद्रा माती घेऊनच सुटतो. गावातच अशी एक भिंत मी बघितली. माझ्या भिंतींना माती, आणि वर चुना.

जमीन नव्यानं चोपून सारवली. विजेची जुनी वायर काढून नवी ओढली, अर्थिंग करून घेतलं, आणि सगळे बोर्ड पूर्वेच्या भिंतीला घेतले. या दोन्ही कामांत जाणती माणसं होती आणि मला सांगण्यासारखं वेगळं काही नाही, एवढंच की ओलीच्या मुलखात अर्थिंग आणि विजेची गळती पकडणारा स्विच यांवर पैसे वाचवू नयेत.

आता घराच्या मागच्या उताराकडे येते. नानांच्या लेखी सगळ्यात मोठं काम हेच होतं आणि माझ्या यादीत ते नव्हतंच.

३० जुलै २०१४ ची सकाळ आमच्या तालुक्यात कुणी विसरलेलं नाही. माळीण गावावर मागचा डोंगर खचून आला आणि १५१ माणसं गेली. गाव दिसत नाही हे पहिल्यांदा एका एसटीच्या चालकानं बघितलं आणि कळवलं. वाचलेल्यांचं पुनर्वसन आमडे इथं झालं, २०१७ मध्ये घरं ताब्यात आली आणि पहिल्याच मोठ्या पावसात तिथल्या नव्या भरावाची मातीही ठिकठिकाणी खचली. आमच्या नात्यातल्या बऱ्याच घरांची माणसं त्या भागातली. माळीण या विषयावर नाना सहसा बोलत नाहीत. उताराचं काम करताना तेवढे बोलले.

इथल्या डोंगराची घडण अशी की खाली काळा कातळ आणि वर कुजलेल्या खडकाची, मातीची जाड गादी. पाऊस झिरपून मातीत भरत जातो, कातळापाशी अडतो, आणि माती जड होऊन सुटते. म्हणून घराच्या वरच्या अंगाला पाणी मुरू द्यायचं नाही, वळवायचं. आमच्या घरामागे आजोबांनी खणलेला एक चर होता. पालापाचोळ्यानं आणि मातीनं तो इतका बुजला होता की मला ती पायवाट वाटली होती. म्हणजे वरच्या उताराचं सगळं पाणी घराच्या मागच्या भिंतीपाशी येऊन जोत्याखाली शिरत होतं. पहिल्या दिवशी नानांनी दाखवलेलं, एका कोपऱ्यात वर चढलेलं शेवाळ तिथलंच. आम्ही चर पुन्हा मोकळा केला, उतार दिला, तोंड ओढ्याकडे काढलं, आणि जिथं पाणी वळणावर आपटतं तिथं दगड रचले. कोपऱ्यातली ओल नुसती प्लास्टर करून किंवा ओलरोधक रंग लावून गेली नसती. ती भिंतीची ओल नव्हतीच.

नानांनी काही खुणा माझ्याकडून पाठ करून घेतल्या. उतारावरची झाडं एकाच दिशेला कलायला लागली, जमिनीला आडवी भेग पडली, ओट्याला नवा तडा गेला, दारं अचानक अडकायला लागली, झऱ्याचं स्वच्छ पाणी एकदम गढूळ झालं, किंवा पाऊस चालू असूनही झरा आटला, तर घरात थांबायचं नाही. सामान घेत बसायचं नाही. सरपंचांना, तलाठ्यांना कळवायचं, पण आधी बाहेर पडायचं. डोंगराच्या कुशीत ज्यांचं घर आहे त्या प्रत्येकाला या खुणा तोंडपाठ असाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

स्लॅबबद्दल माझं मत असं बनलं. पक्कं घर ही लोकांची खरी गरज आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत डोंगराळ भागातल्या घराला सपाटीपेक्षा थोडं जास्त अनुदान मिळतं. आदिवासी कुटुंबांसाठी शबरी घरकुल योजना आहे, आणि आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय घोडेगावलाच आहे. पण तेवढ्या पैशांत, वाळू-खडी डिंभ्यावरून वर चढवून, सपाट स्लॅब टाकला की तो या पावसात गळतो आणि मग त्याच्यावर पुन्हा पत्र्याचं छप्पर उभं करावं लागतं. असे स्लॅबवर पत्रे मी या वाटेवर पाहिलेत. लोक दोन छपरांचा खर्च करताहेत. या पट्ट्यातलं घरकुल सुरुवातीपासूनच उतरत्या छपराचं, पश्चिमेला खाली वळचण असलेलं, जोतं उंच आणि मागे चर असलेलं असावं. तसा नमुना आराखडा तालुक्यात मिळाला पाहिजे आणि तो करताना गावातल्या सुतार-गवंड्यांना समोर बसवलं पाहिजे.

मृग लागला तेव्हा मी तिथं होते. पहिल्या झडीत ओटीवर दोन ठिकाणी थेंब आले, ती कौलं उघडीप मिळताच चाळली. मागचा कोपरा कोरडा राहिला. चरातून पाणी ओढ्याला जाताना दिसत होतं आणि नाना छत्री घेऊन त्याच्या कडेनं शेवटपर्यंत चालत गेले.

आहुपे, पिंपरगणे, असाणे, डोण, तेरुंगण किंवा जुन्नरच्या वरच्या गावांत ज्यांचं घर आहे आणि स्वतः मुंबई-पुण्यात आहेत, त्यांना एक विनंती. होळीनंतर एकदा गावी या. घर उघडा, चार दिवस चूल पेटवा, भर दुपारी दारं लावून कौलांकडे बघा. तुमच्या वाडीत शाकारणी येणारी म्हातारी माणसं अजून आहेत तोवर त्यांच्याबरोबर घराला एक फेरी मारा आणि तरुण पोरांना त्यांच्या हाताखाली द्या, मजुरी देऊन. आणि काहीच जमलं नाही, पैसेही नसले, तरी मागचा चर तेवढा रोहिणीच्या आत मोकळा करा. त्याला एक फावडं आणि दोन माणसं पुरतात.